हिरव्या बॉनेटवरची पाच बोटे

जुन्या मोटारींची किंमत ठरवायला निघताना बरोबर काय नेतेस, असे मला मैत्रिणी नेहमी विचारतात. या खेपेची यादी सांगते: रंगाची जाडी मोजणारे खिशात मावणारे यंत्र, मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा, विजेरी आणि आईने सांगलीहून पाठवलेला मेतकुटाचा डबा. यातली शेवटची वस्तू व्यवसायाची नव्हे, हे लिंडाला पटवून द्यायला बराच वेळ लागला. तिला ती रंगाची भुकटी वाटली होती.

लिंडा ही माझी गुरू. वय साठीच्या पुढे, उंच, कानावर कायम पेन्सिल. विमा कंपन्या, बँका आणि लिलावघरे तिच्या सहीवर जुन्या मोटारींची किंमत मान्य करतात. सोमवार ते शुक्रवार मी न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरच्या एका प्रयोगशाळेत धातूंवरच्या पातळ लेपांचा अभ्यास करते. शनिवार-रविवारी लिंडाच्या मागून फिरत मोटारींच्या अंगावरचे लेप वाचायला शिकते. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो: वर दिसते आहे त्याच्या खाली काय आहे?

या वेळी मात्र लिंडा माझ्या मागून येणार होती. "ही गाडी तुझी," ती म्हणाली. "अहवाल तू लिहायचास. मला पटला तर तुझ्या सहीखाली माझी सही येईल. नाही पटला, तर परतीच्या वाटेवर पेट्रोल तू भरायचंस."

वेस्ट विंडसर ते पेनसिल्व्हेनिया

गाडी होती ओहायोतल्या डब्लिन गावात, श्रीधरकाकांच्या गराजमध्ये. शेजारच्या कोलंबसला मी एम.एस. करत होते तेव्हा दर रविवारी मी काकांच्या आणि कुंदाकाकूंच्या घरी जेवत असे. काका मूळचे नागपूरचे, तरुणपणी शिकायला इथे आले आणि राहिले. शिकत असतानाच त्यांनी घरमालकिणीकडून तिच्या दिवंगत नवऱ्याची मोटार विकत घेतली: साठच्या दशकाच्या अखेरची, गडद हिरवी जीटीओ. आता गुडघ्यांमुळे काकांना क्लच दाबवत नाही. शिवाय दोघे लेकीजवळ, टेक्सासातल्या फ्रिस्कोला, एका लहान घरात राहायला निघाले आहेत. मोटार विकणे भाग होते.

"किमतीचं मला काही नाही गं, मुक्ता," काका फोनवर म्हणाले होते. "तिला कोणी कापू नये, एवढं बघ."

कापणे म्हणजे काय, ते सांगायला हवे. साध्या दिसणाऱ्या मध्यम आकाराच्या मोटारीत अवाढव्य इंजिन बसवायचे आणि तरुणांना परवडेल अशा भावात विकायचे, असा एक धडाका अमेरिकेने त्या काळात लावला. त्या मोटारींना मसल कार म्हणतात. आज त्यांच्या वाट्याला दोनच नशिबे येतात. मोटार कारखान्यातून निघाली तशीच उरली असेल, मूळ इंजिन, मूळ रंग, तर ती जपणाऱ्या संग्राहकाकडे जाते. रंग एकदा जरी उतरवून पुन्हा चढवला असेल, तर तिची किंमत घसरते आणि ती हौशी कारागिरांच्या हाती पडते. ते आतले सगळे उपटून नवे इंजिन, नवा रंग, नवी चाके बसवतात. बाहेरचे कवच तेवढे जुने राहते. काकांची भीती ही होती.

आणि भीतीला कारण होते. काकांनी पाठवलेल्या छायाचित्रांत बॉनेटचा मधला भाग बाकीच्या अंगापेक्षा जास्त चकाकत होता. लिंडाने ती पाहून भुवया उंचावल्या. "इथे कोणीतरी काम केलंय."

पेनसिल्व्हेनियात लिंडाने हमरस्ता सोडला आणि एका लाकडी कोठाराशी पिकअप उभी केली. सराव म्हणून. आत लालभडक शेवेल होती, तीही त्याच काळातली मसल कार, आरशासारखी झळाळणारी. तिच्या धन्याचे, सत्तरीच्या एका गृहस्थांचे, म्हणणे होते की रंग कारखान्यातला आहे. मी यंत्र दारावर टेकवले. कारखान्यातला रंग एक-दोन केसांच्या जाडीचा असतो. इथला त्याच्या कितीतरी पट निघाला. मागच्या चाकावरच्या पत्र्यावर चुंबक ठेवले, ते घसरून माझ्या बुटावर पडले. खाली पोलाद कमी आणि लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, जास्त.

"बाई, आता माझे दातही तपासणार का?" गृहस्थांनी विचारले.

"ते खरे आहेत का?" लिंडाने विचारले.

ते मनापासून हसले आणि आम्हाला समोरच्या टपरीवजा उपाहारगृहात घेऊन गेले. तिथे शू-फ्लाय पाय नावाचा पदार्थ खाल्ला. पहिल्या घासाला मी थबकले: ही तर काकवी! गुऱ्हाळावर भाकरीशी खातो ती, फक्त इथे ती खुसखुशीत पारीत भाजून टेबलावर येते. सांगलीपासून इतक्या दूर, धर्मनियम म्हणून आजही घोडागाडीतून फिरणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलखात, काकवीने मला गाठले. पुढे डोंगरांच्या पोटातले बोगदे, मग उतार, मग ओहायोची सपाटी आणि नजर पोचेल तिथवर सोयाबीन. सोयाबीन पाहून मला घरच्यासारखे वाटले, एवढे मात्र मी लिंडाला सांगितले नाही; तिच्या मते ते जगातले सर्वांत कंटाळवाणे दृश्य आहे.

डब्लिन

कुंदाकाकू दारातच उभ्या होत्या. "आधी जेवा. गाडी कुठं पळून नाही चालली. पळाली असती तर ह्यांनी कधीच तिच्याशी लग्न लावलं असतं."

टेबलावर गोळाभात आणि सांबारवडी. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्या वड्या लिंडाने ज्या वेगाने संपवल्या त्यावरून तिला मूल्यमापनाची जाण सर्वच क्षेत्रांत आहे, हे सिद्ध झाले. काका जेवले नाहीत. ते नुसते पाणी पीत लिंडाकडे बघत होते.

आवराआवर करायला लेक मिताली फ्रिस्कोहून आली होती. जन्म इथला, वकिली करते, बोलणे बंदुकीच्या गोळीसारखे. "मुक्ता, थँक गॉड यू आर हिअर. दोन वाजता पेंटर येतोय. हूड, आय मीन बॉनेट, इज सो पॅची. ही विल जस्ट सँड इट अँड ब्लेंड इट. मग तू फोटो काढ, ओके?"

मी हातातली वडी ताटात ठेवली. "पेंटर? कोणी सांगितलं?"

"मी," काकू म्हणाल्या. "बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर मुलीनं तोंड धुवायचं नाही का?"

"काकू, या बाजारात तोंड न धुतलेल्या मुलीलाच जास्त मागणी आहे."

"काहीच्या काही!"

पण त्यांचे तरी काय चुकले? आपल्याकडे विकायची वस्तू आधी घासूनपुसून लखलखीत करतात. लोखंडी कपाट विकायचे तर आदल्या दिवशी त्याला रंगाचा हात देतात आणि घेणारा त्याबद्दल आभार मानतो. इथे कारखान्यातला भेगाळलेला रंग हीच मोटारीची जन्मखूण. ती एकदा घासून काढली की पुन्हा आणता येत नाही.

मी हात धुतले आणि गराजमध्ये गेले. दार वर सरकले, उजेड आत शिरला, आणि अहवाल, सही, लिंडा, सगळे क्षणभर विसरले. लांबलचक, रुंद खांद्यांची, बॉनेटवर हवेसाठी दोन फुगीर नाकपुड्या. गडद हिरवा रंग, एखाद्या जुन्या बाटलीच्या काचेसारखा. काकांनी किल्ली फिरवली. इंजिनाने आधी खाकरले, मग एक खोल घुमणारा ठेका धरला. तो कानांच्या आधी छातीत ऐकू येतो. भिंतीवरची फावडी थरथरू लागली. मी हसत होते आणि मला ते थांबवता येत नव्हते.

"हे तुझ्या अहवालात लिहिणार?" लिंडाने विचारले.

"परिशिष्टात."

मग कामाला लागले. इंजिनावर ठोकलेला क्रमांक मोटारीच्या क्रमांकाशी जुळला: हृदय मूळचेच. दारे, चाकांवरचे पत्रे, टप, सगळ्यांवर यंत्र टेकवत गेले: सगळीकडे कारखान्याची जाडी. पुढचे नाक यंत्राने वाचले नाही, कारण या मोटारीचे नाक पत्र्याचे नसून रबरासारख्या पदार्थाचे असते. उरले बॉनेट.

तेवढ्यात लिंडा आरसा घेऊन नाकपुडीच्या कोपऱ्यात वाकली. "मुक्ता. इकडे बघ."

खाचेत, काडीपेटीतली काडीही जाणार नाही अशा जागी, लाल भुकटी साचली होती.

"प्राइमर," लिंडा हळूच म्हणाली. रंग चढवण्यापूर्वी पत्र्यावर जो लाल अस्तराचा हात देतात, तो घासला की अशीच भुकटी पडते. म्हणजे बॉनेट कधीतरी खरवडून पुन्हा रंगवले होते.

काका भिंतीला टेकले. "अशक्य. माझ्याशिवाय कोणी हात लावला नाही तिला."

"बाबा, इट्स ओके," मिताली म्हणाली. "मग तर प्रश्नच मिटला ना? ऑलरेडी रिपेंटेड असेल तर पेंटर येऊ दे."

तर्क निर्दोष होता, आणि मला तो मान्य नव्हता. अहवाल माझा होता. मी बॉनेटवर काल्पनिक चौकटी आखल्या आणि एकेका चौकटीत जाडी मोजू लागले. पुन्हा रंगवलेला पत्रा जाड निघायला हवा. इथे कडेला कारखान्याची जाडी होती आणि मध्यभागी त्याहूनही कमी. ती सगळीकडे सारखी कमी नव्हती. पट्ट्यापट्ट्यांनी कमी होती. मी पट्ट्यांच्या कडांना निळ्या चिकटपट्टीचे तुकडे लावत गेले. चार पट्टे जवळजवळ, समांतर. पाचवा जरा दूर, आखूड आणि तिरका.

मी मागे सरकून पाहिले. मग आपला उजवा हात त्यांच्यावर धरला.

"काकू," मी ओरडले, "लिंबू आहे का घरात? आणि एक पांढरी बशी!"

"सरबत आत्ता?"

"आत्ताच!"

सांगली म्हणजे हळदीची बाजारपेठ. आमच्याकडे मुलांना पाढ्यांच्या आधी हळदीचा वास कळतो. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते. तेच पारंपरिक कुंकू. त्यावर आंबट पडले की लाल मोडून पुन्हा पिवळे दिसते. प्राइमरला लिंबाने काहीही होत नाही. मी कापसाच्या काडीने खाचेतली भुकटी बशीत काढली आणि वर लिंबाचा थेंब पिळला.

लाल ठिपका आमच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला.

"होली स्मोक," लिंडा म्हणाली.

"अगं, हे तर माझं कुंकू!" काकू म्हणाल्या. "दर दसऱ्याला मी गाडीची पूजा करते. पाच बोटं ओढते बॉनेटवर. पण ते टिकतं कुठं? दुसऱ्या दिवशी बघावं तर साफ! मी म्हणायची, अमेरिकेतल्या कुंकवात दम नाही. म्हणून मग नागपूरहून मागवायला लागले. तेही टिकेना. शेवटी वाटलं, दवानं जात असेल."

"आई," मिताली म्हणाली, "गराजमध्ये दव?"

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. काका फावड्यांकडे बघत होते.

"श्रीधर," काकू म्हणाल्या. नवऱ्याला नावाने हाक मारताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकले.

"डाग पडायचा गं," काका म्हणाले. "तू झोपेतून उठायच्या आत... जरासं रबिंग कंपाउंड, ती घासायची पेस्ट, आणि मऊ फडकं. हलक्या हातानं."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"चाळीस वर्षांवर!"

म्हणजे असे: काकूंनी बोटे ओढायची, चुन्याचे कुंकू त्या जुन्या पद्धतीच्या रंगावर डाग धरायचे, आणि काकांनी तो डाग, नेमका त्याच पट्ट्यांवरून, घासून काढायचा. संसारभर चाललेल्या या मूक वादाने बॉनेटवर एक हात कोरला होता. छायाचित्रातली ती जास्तीची चकाकी काकांच्या फडक्याची होती. काकूंनी आपला पंजा निळ्या खुणांवर ठेवला. चपखल बसला. त्यांनी तो पटकन उचलला नाही.

"लिंडा," मी म्हणाले, "पुन्हा रंगवलेला पत्रा पातळ होत नाही. हा मूळ रंग आहे. झिजलेला, पण मूळ. दोष आहे, तो मी लिहीन, त्याची वजावटही करीन. पण मोटार मूळ स्थितीतच आहे."

लिंडाने पेन्सिल कानावरून काढली, यंत्र मागून घेतले आणि प्रत्येक चौकट स्वतः मोजली. त्या वेळात माझ्या तळहातांना फुटलेल्या घामाची जाडी कोणत्याही यंत्राने सहज मोजली असती. शेवटी ती म्हणाली, "पेट्रोल मी भरते."

बाहेर हॉर्न वाजला. पेंटर आला होता, हातात घासणीयंत्र घेऊन. मिताली धावत गेली. परतली तेव्हा म्हणाली, "कॅन्सल केलं. आईनं त्याला सांबारवडी दिलीय. ही वॉन्ट्स द रेसिपी."

इंडियाना

लिलाव इंडियानातल्या एका जत्रेच्या मैदानावर होता, चहूकडे मका. आमची वरात अशी: पुढे मोटार वाहून नेणारा ट्रक, मागे लिंडाची पिकअप, तिच्यामागे काका-काकू आणि मिताली.

ज्यांनी असा लिलाव पाहिलेला नाही, त्यांना मी आवाजाने सुरुवात करायला सांगेन. शेकडो मोठी इंजिने एकाच वेळी गुरगुरत असतात, आणि कसलेले लोक डोळे मिटून ओळखतात की कोणती कुठली. पेट्रोल, मेण आणि तळणीचा वास एकमेकांत मिसळतो. इथे पावाच्या चौपट आकाराचा मांसाचा तुकडा पावात घालून विकतात. तो धरायचा कुठे, याचे उत्तर मला निरीक्षणानेही सापडले नाही. मी शाकाहारी असल्याने माझ्या वाट्याला शुगर क्रीम पाय आली. काकूंनी एक घास घेतला आणि निकाल दिला: "बासुंदी आहे. आटवायचा कंटाळा केलेली."

लिलाव पुकारणाऱ्याची बोली म्हणजे न संपणारे एक तान घेतलेले वाक्य. मदतनीस गर्दीत उभे राहून बोली लागली की आरोळी ठोकतात. सांगलीच्या जुन्या हळद-सौद्यांबद्दल मी घरी ऐकले आहे: रुमालाखाली हात घालायचा, बोटे दाबून भाव सांगायचा, आणि शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. तिथे भाव लपवायचा, इथे तो गर्जून सांगायचा. पण विकणाऱ्याचा चेहरा दोन्हीकडे सारखाच असणार. काकांचा मी पाहत होते.

मूळ स्थितीतल्या मोटारींची रांग वेगळी होती. प्रत्येकीच्या काचेमागे अहवाल लावलेला. आमच्या अहवालावर माझी सही, खाली लिंडाची. बॉनेटच्या झिजेचे कारण मी एका परिच्छेदात नोंदवले होते, आणि तो वाचायला लोक थांबत होते. वाचून झाले की वाकून तिरप्या उजेडात पाहत. मग हटकून आपला हात त्यावर, न टेकवता, धरून बघत. माझ्या आजवरच्या कोणत्याही शोधनिबंधाला इतके मन लावून वाचणारे वाचक मिळालेले नाहीत.

आमचा क्रमांक जवळ आला तशी काकूंनी पर्स उघडली आणि कुंकवाचा करंडा काढला.

"काकू, नको!" मी आडवी आले. "तुम्हाला माहितेय आता. चुना आहे त्यात. रंग आधीच पातळ झालाय."

"पोरीची पाठवणी आहे, मुक्ता. रिकाम्या कपाळानं धाडू?"

काका बॉनेटकडे सरकले. त्यांच्या पँटच्या मागच्या खिशातून पिवळ्या फडक्याचे टोक डोकावत होते. मी मोटारीभोवती एक चक्कर मारली. रंग, रबर, क्रोम... आणि मग मला स्वतःचीच लाज वाटावी इतके सोपे उत्तर दिसले.

"काचेवर ओढा. काचेला काही होत नाही."

काकूंनी बोटे भिजवून कुंकवात बुडवली आणि समोरच्या काचेवर, चालकाच्या नजरेला आडवी येणार नाहीत अशी, पाच लाल बोटे ओढली. मग सावकाश काकांकडे वळल्या. "चाळीस वर्षं काचेवर ओढता आली असती."

"मला काय माहीत, तुला चाललं असतं!"

"विचारलं असतं तर कळलं असतं."

"विचारलं असतं तर डाग पडतो म्हणून सांगावं लागलं असतं!"

"यू गाइज," मिताली म्हणाली, आणि डोळे पुसायला गॉगल काढला.

मोटार फलाटावर ढकलण्याआधी तिथला एक माणूस काच पुसायचा फवारा आणि फडके घेऊन धावत आला. प्रत्येक मोटारीवर शेवटचा हात मारणे हे त्याचे कामच होते. त्याने फवारा उचलला आणि काका मध्ये उभे राहिले. दुखऱ्या गुडघ्यांनी, दोन्ही हात पसरून.

"नॉट द ग्लास," ते म्हणाले. "लीव्ह इट."

पुढचे सगळे इतक्या वेगात झाले की मी नुसती लिंडाचे मनगट धरून उभी होते. बोली चढली, अडली, पुन्हा चढली. हौशी कारागीर एकेक करून मागे हटले. उरले दोन संग्राहक. मग पुढच्या रांगेतल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी नुसती हनुवटी हलवली आणि हातोडा पडला. मी अहवालात लिहिलेला कमाल किमतीचा आकडाही थोडा ओलांडून. लिंडाने तो आकडा वाचला तेव्हा धाडसी म्हटले होते. आता ती म्हणाली, "भित्रा होता." व्यवसायात मला मिळालेली ही पहिली दाद.

बाई कॅन्ससच्या होत्या. त्यांच्या वडिलांकडे अशीच मोटार होती, आणि ती कोणीतरी कापली होती. त्यांनी काकांचा हात हातात घेतला, मोटारीचा एकही स्क्रू बदलणार नाही असे सांगितले, आणि मग काचेकडे बोट दाखवून संकोचाने विचारले, "हे मी कधी धुवायचं? काही नियम आहे का?"

काकूंनी उत्तरासाठी तोंड उघडले, पण काका आधी बोलले.

"कधीही धुवा," म्हणत त्यांनी खिशातले पिवळे फडके काढून बाईंच्या हाती दिले. "फक्त उद्या सकाळी नको."